तिळाच्या वर, की खाली

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाय. आमच्या ह्यांना नाय, पाठच्या बहिणीला नाय. देवापुढे हात जोडते तेव्हापण एवढं सोडून बाकीचं बोलते. तुमाला सांगतेय, कारण — कारण तुमी माझे कोण लागत नाय. घरच्या माणसाला सांगितलं की उद्या सकाळी त्याच्यापुढेच चहा ठेवायचा असतो. ते धाडस मला कधी झालं नाय.

आणि मी काय मुकी बाई नाय. टोकावड्याच्या बाजारात विचारा. सुकटवालीनं मापात मारलं तर सगळी ओळ गोळा होईल असं बोलणारी मी. एसटीच्या कंडक्टरशी भांडलेली, सरपंचाला दारात उभं करून सुनावलेली. अशा बाईचं तोंड एकाच ठिकाणी बंद झालं, ते आजपर्यंत. का झालं? भितरी होते म्हणून. दुसरं काय म्हणायचं त्याला?

थांबा, असं नाय कळणार. आधी सुमनचं सांगते.

सुमन माझी धाकटी जाऊ. शहापूर तालुक्यातली, आटगाव स्टेशनच्या मागे तिचं माहेर. आमच्या घरात आली तेव्हा अंगानं एवढीशी, आणि थोरलेपणाचा मला चेव आलेला. उठताबसता कामं सांगायची. ती हसत करायची. चिडवायचीपण — "बाय, तू मागल्या जन्मी मुकादम व्हतीस." मला राग यायचा आणि बरंपण वाटायचं. मला मूलबाळ झालं नाय. तिला पोर्णिमा झाली, ती माझ्याच मांडीवर वाढली, मला मोठीआई म्हणते. असं घर होतं आमचं. चांगलं होतं.

मग सुमनच्या डाव्या छातीत गाठ निघाली. तिनं पहिलं मलाच सांगितलं, गोठ्यात शेण भरताना, जसं काय म्हैस आटली असं सांगावं तसं. मुरबाडच्या डॉक्टरनं पुढे पाठवलं, पुढच्यांनी आणखी पुढे. ऑपरेशन झालं, छाती काढली, औषधाच्या सलाईनी झाल्या, केस गेले. मला वाटलं संपलं. तर म्हणाले, आता शेक घ्यायचे. आमच्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात. वीट तापवून फडक्यात गुंडाळतात तसलं काय तरी असणार, घरीच देऊ, असं मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना बोलले होते. त्या हसल्या नाय. म्हणाल्या, ह्याचं मशीन असतं, आणि ते तुमच्या बाजूला कुठेच नाय.

खरंच कुठे नाय. मुरबाडला नाय, शहापूरला नाय. मुंबई गाठायची आणि तिथेपण नंबर लावून वाट बघायची. आमचा नंबर लागेस्तोवर ऑपरेशनची जखम भरून व्रण सुकलापण होता. सुमनच्या माहेराकडचं भातसा धरणाचं पाणी रोज मुंबईला जातं, कुठे उतरत नाय, कुठे बदलत नाय. आमाला मात्र टोकावड्याहून एसटी, मुरबाडला दुसरी, कल्याणला ट्रेन, पुढे परत बस. रोज जाऊन येणं होण्यासारखं नव्हतं. म्हणून सोमवार ते शुक्रवार हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत राहायचं, आणि शनिवार-रविवार मशीन बंद, तेव्हा घरी. भावजी, म्हणजे तिचा नवरा, कंपनीत कामाला. त्यांची रजा ऑपरेशनलाच संपलेली. शिवाय बायकांच्या खोलीत सोबत बाईच पाहिजे. मग मी. मी आपणहून म्हटलं, मी जाते. हे मोठेपणासाठी सांगत नाय, पण झालं तसं होतं.

पहिल्याच दिवशी तिच्या अंगावर रेघा काढल्या, जांभळ्या शाईनं. गळ्याच्या हाडाखाली एक आडवी, छातीच्या मधोमध एक उभी, खाली बरगडीवर आणखी एक आडवी. आणि डाव्या कुशीला, काखेच्या खाली, एक फुली. मशीन ह्या खुणांवर लावतात. खूण हलली की शेक भलतीकडे जातो. पाणी लावायचं नाय, साबण नाय, घासायचं नाय — मशीनवाल्या सायबानं हे इतक्यांदा बजावलं की सुमन झोपेतपण डावा हात अंगापासून लांब ठेवायची.

त्या फुलीजवळ तिला एक तीळ होता. तो लक्षात ठेवा.

आता माझं ऐका. रेघ म्हटली की आमच्या गावात माझं नाव. हळदीच्या पाटाभोवती चौक काढायचा तर बोलावणं मलाच. दोरी नको, ठिपके नको, चिमटीतून पीठ सोडलं की सरळ जायचं. बायका म्हणायच्या, हिच्या बोटात देवानं फूटपट्टी घातलीय. मला ते फार आवडायचं. माणसाला एखादी गोष्ट चांगली येते ना, तिचाच त्याला माज चढतो. मला चढला होता.

शेक सुरू झाले. रेघांच्या आतली कातडी हळूहळू काळवंडत गेली, करपलेल्या भाकरीसारखी. धर्मशाळेत आमच्या बाजूला लांबच्या गावची एक बाई होती. तिच्या खुणा घामानं पुसल्या गेल्या. तिला परत मापायला पाठवलं, त्या मापाच्या खोलीतपण नंबर, मधले शेक चुकले. ती पायरीवर बसून रडत होती आणि तिचा नवरा तिलाच बोलत होता. मी सुमनला म्हटलं, बघ, आपण कसं जपतो. असं बोलले मी, त्या बाईला ऐकू जाईल एवढ्यानं.

भात कापणीला आलेलं. त्याच दिवसांत आमच्या भावकीत चुलतसासरे वारले, आणि त्यांचा दहावा नेमका शनिवारी आला. आमी शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचलेल्या.

आमच्यात दहाव्याला सगळ्या भावकीनं डोक्यावरून अंघोळ करायची, बायकांनी बायकांना पाणी घालायचं, मग सुतक सुटतं. एक माणूस राहिलं तरी त्या घराचं सुतक राहतं, असं जुनी माणसं मानतात. सुमन म्हणाली, मी नाय गो करत, रेघा जातील, नुसते पाय धुते. मला पटलं होतं. मनातून पटलं होतं. पण चुलतसासू ओट्यावर बसून मोठ्यानं बोलल्या — रोग घरात हायेच, आता सुतकपण ठेवा. तशी सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. थोरली ना मी. काय ते मी ठरवायचं.

मी म्हटलं, मी घालते तिला पाणी. रेघा सोडून घालते. माझा हात चुकत नाय.

न्हाणीत नेलं तिला. पुढून फडकं धरायला सांगितलं आणि पाठीवरून पाणी सोडलं. सुरुवातीला खरंच जपत होते. पण त्या बिचारीला कधीपासून धड पाणी लागलं नव्हतं. अंगाला वास मारत होता, मानेवर मळ बसलेला. गरम पाणी पडलं तशी डोळे मिटून म्हणाली, "बाय, किती हलकं वाटतंय गो." आणि मी विसरले. साबण घेतला आणि लहान पोराला घासावं तशी घासली तिला. मान, पाठ, कूस. खाली बघितलं तर फरशीवरून जांभळं पाणी मोरीकडे चाललेलं.

आमी दोघी बघत राहिलो.

एवढंच असतं तर मी कोणाला तरी सांगितलं असतं कधीच. अडाणीपणा म्हणून खपलं असतं ते. पुढचं अडाणीपणाचं नाय.

रविवारी दुपारी पाहुणे पांगले. मी सुमनला मागच्या पडवीत नेलं आणि दार लोटलं. रेघा पुसट का होईना दिसत होत्या. फुली मात्र साफ गेलेली. सरळ वाट काय होती? सोमवारी जाऊन सांगायचं, खुणा गेल्या. फार तर ओरडले असते. परत मापलं असतं, नंबर मागे पडला असता, मधले शेक चुकले असते. मी विचार करत बसले — कापणी उभी आहे, तिथे आणखी राहायला लागेल. भावजी विचारतील कशा गेल्या. गाव म्हणेल, थोरलीनं अंघोळ घालून धाकटीचा शेक घालवला. हे शेवटचंच मला सहन होत नव्हतं. कापणीचं नाव मी उगाच घेते.

पोर्णिमाचं दप्तर खुंटीला होतं. त्यात तिच्या मामानं आणलेला स्केचपेनांचा डबा, तिचा जीव की प्राण. त्यातलं जांभळं मी काढलं.

रेघा गिरवल्या. एकदम सरळ. सुमन मान खाली घालून बघत होती; म्हणाली, डॉक्टरपेक्षा बरी काढलीस. मग तिनं हात वर केला आणि मी फुलीपाशी आले. तीळ समोर. फुली तिळाच्या वर होती, की खाली? रोज बघत होते मी. रोज तिला कपडे घालताना. आणि त्या घडीला आठवेना. तिला विचारलं. तिला तिथलं दिसायचंच नाय. "तू रोज बघतेस ना बाय, तुलाच ठावं," म्हणाली.

मी खाली काढली. तिळाच्या खाली. हात जरापण हलला नाय.

पेन चुलीत घातलं. संध्याकाळी पोर्णिमा डबा उघडून रडायला लागली, जांभळं नाय म्हणून. मी तिलाच ओरडले. शाळेत हरवून आलीस, वस्तूची किंमत नाय तुला, परत काय मागू नकोस. पोर हुंदके देत बसली. तिची आई तिथेच तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाय.

सोमवारी पहाटेची एसटी. सुमन खिडकीला डोकं टेकून झोपलेली. तिचा ब्लाउज वर सरकला होता म्हणून मी तो काखेकडून खाली ओढला, आणि मला आठवलं. डोक्याला नाय, हाताला आठवलं. रोज असा ओढताना आधी फुली झाकायची आणि मग तीळ. आधी फुली. म्हणजे फुली वर होती. तुमी म्हणाल, मग अजून वेळ होता की. होता ना. मुरबाड होतं, कल्याण होतं, हॉस्पिटलमधली रांग होती. एवढी सगळी वाट मी स्वतःला समजावत गेले — तुला भास होतोय, खालीच होती.

मशीनच्या खोलीत तिला झोपवलं. मी दाराशी. सायबानं फुलीकडे बघितलं, वाकून परत बघितलं. विचारलं, ही पुसली होती का? घरी कोणी परत काढलीय का? बाहेर बाकड्यांवर केवढी माणसं बसलेली, त्यालापण घाई. तरी त्यानं विचारलं, हे मला सांगितलं पाहिजे. मी तोंड उघडलं — खरंच उघडलं. सुमननं पडल्या पडल्या माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "नाय सायेब. तीच हाय."

माझ्यासाठी खोटं बोलली ती. मला ओरडा बसू नये म्हणून. पण तिला वाटत होतं फुली जागेवर आहे. एसटीतलं तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी दार लोटून बाहेर आले. दारावरचा लाल दिवा लागला, तो बघत बसले. विझेपर्यंत मला आत जाऊन थांबा म्हणता आलं असतं का? दिवा लागायच्या आधी तरी आलं असतं.

पुढचे सगळे शेक त्या फुलीवर झाले. ती फिकी पडली की सायेबच ती नीट गिरवायचा. माझी फुली.

सुमन घरी आली. केस आले, काळेभोर. लावणीला उतरली, पोर्णिमाला जत्रेला घेऊन गेली, मला मुकादम म्हणाली. मी रोज तिच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, काय झालं नाय, बघ, काय झालं नाय. मग परत गाठ आली. डाव्या काखेखाली. तिळाच्या वर.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधी कधी सगळं नीट करूनपण हा रोग उलटतो. तहानलेल्यानं पाणी प्यावं तसं ते वाक्य मी प्याले. मग त्या म्हणाल्या, त्या जागेला शेक देऊन झालेत, परत तेवढे देता येणार नायत. त्यांच्या समजुतीनं त्या जागेला पुरते शेक झाले होते. झाले नसतील, हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन बसला होता. मी बोलले असते तर काय झालं असतं? कदाचित परत मापलं असतं. कदाचित त्या जागेला अजून काय देता आलं असतं. कदाचित नसतं. मला काय ठावं? ज्यांना ठावं असतं त्यांना मी सांगितलंच नाय.

बाहेर बाकड्यावर बसलो. सुमन अगदी हळू, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाय, ती फुली तिळाच्या वर व्हती का गो?"

मी म्हटलं, "नाय. खालीच व्हती."

ती म्हणाली, "मग बरं."

तिला खरं कळायला पाहिजे होतं. तिचं अंग होतं ते. ती स्वतः उठून आत गेली असती, डॉक्टरला बोलली असती, मला शिव्या घातल्या असत्या — काय पाहिजे ते केलं असतं. ते मी तिच्या हातातून काढून घेतलं. आणि ती माझ्याच खांद्यावर डोकं टेकून घरी आली.

ती गेली तेव्हा कापणी चालू होती. शेवटची अंघोळ आमच्यात भावकीतल्या बायका घालतात. थोरली म्हणून मीच पुढे. अंग पुसताना डावा हात वर केला. शेकानं काळवंडलेली कातडी तशीच होती, तिळाच्या खाली गडद. तिळाच्या वर, गाठीच्या सभोवार, एक पट्टी अर्धवटच काळवंडलेली, फिकी राहिलेली. दोन बोटं रुंद असेल. वरची कड सरळ होती, ती आधीच्या फुलीची. खालची कडपण सरळ होती. ती माझी. चुलतसासू पाणी ओतत होत्या, म्हणाल्या, काय बघतेस, आटप. मी आटपलं.

ती माझ्या स्वप्नात येत नाय. लोकांच्या येतात गेलेली माणसं. मी कितीदा तिची वाट बघत निजले, यावी, ओरडावी. नाय येत. न्हाणीची फरशी मी बदलून घेतली, खराब झाली म्हणून सांगितलं ह्यांना. फरशीला काय झालं नव्हतं. वैशाखात पोरं जांभळं आणतात, ती धुवायला मी कधी बसत नाय. आणि चौक काढत नाय. हात थरथरतो म्हणते. थरथरत नाय हो. अजून तसाच सरळ आहे. तेपण खोटंच.

पोर्णिमाला मी वाढवली. तिची वेणी घातली, तिला मुरबाडच्या कॉलेजात घातलं. ती मला सगळं सांगते, आणि मी तिला सगळं सांगते असं तिला वाटतं. ह्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. हळदीचा चौक शेजारच्या बाईनं काढला, वाकडा. पोर्णिमा पाटावर बसली, अंगभर हळद, भोवती तिच्या मैत्रिणी. कोणी तरी म्हणालं, तुझी मोठीआई गरीब दिसते गो. पोर्णिमा हसायला लागली. म्हणाली, गरीब? लहानपणी माझं एक स्केचपेन हरवलं तर अख्खा गाव गोळा होईल एवढी ओरडली होती मला. जांभळं होतं. अजून लक्षात हाय माझ्या, आई शेजारीच बसलेली, तीपण काय बोलली नाय. त्या दिवसापासून मी एक वस्तू हरवली नाय.

सगळ्या हसल्या. मग ती माझ्याकडे वळली, आईसारखेच डोळे, आणि म्हणाली, "आठवतं का गो मोठीआई?"

मी म्हटलं, आठवतं तर. आणि मीपण हसले.

ते पेन तिनं हरवलं नव्हतं.